अंगठे

रायबंदरच्या धक्क्याला फेरी टेकते
तेव्हा माझ्या पिशवीत
ओल्या फडक्यात गुंडाळलेला मातीचा गोळा असतो
आणि त्याला भाजी-पावाचा वास लागलेला असतो.
डिचोलीच्या सगुणमामांनी दिलेली माती.
"चाळून घे गो बाय,
शिंपला राहिला तर भट्टीत तडकते."

सरांनी विषय दिला होता : ओळख.
वर्गातल्या बहुतेकांनी आरसे आणले.
मी तीन आठवडे काहीच आणलं नाही.

मग एका सकाळी दिवाडीहून येताना मोजलं,
एकतीस माणसं, सत्तावीस माना खाली,
सत्तावीस अंगठे काचेवर
एकाच दिशेनं सरकत,
जणू सगळे मिळून एकच न संपणारा मासा खवलताहेत
आणि खाली मांस लागतच नाही.

मी विचारायला लागले :
अंगठा द्याल का? मातीत?

बँकेतल्या कारकुनानं आधी माती पालथी करून पाहिली,
मागे काही लिहिलंय का म्हणून.
गणवेशातल्या पोरानं दोन्ही दिले, वर नाकही देऊ केलं.
फ्लोरिनामायनं पाटी खाली ठेवली,
लुगड्याला हात पुसला, आणि थांबली.
"आमच्या पायनं असाच दिला होता एकदा.
खाजनातलं शेत गेलं.
तू काय नेणार?"
म्हटलं, काही नाही. भाजून परत आणून दाखवीन.
तिनं दाबला. जोरात.

गेल्या वर्षी चवथीनंतर
माटोळीतली सुकलेली फळं ओवून मी झुंबर केलं होतं.
कुणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला.
चाळीस हजार अंगठे आले, निळे, एकसारखे,
घामाचा डाग नसलेले.
त्यातल्या एकानंही विचारलं नाही,
मधलं ते काळं पडलेलं फळ कसलं.
कवंडळ. विचारलं असतं तर सांगितलं असतं.
आणि हेही सांगते,
रात्री दोन वाजता उठून मी आकडा बघत होते.
एकोणचाळीस हजार नऊशेवर झोप येईना.
चाळीस झाले, तरी येईना.

"कामाचे रील टाकत चला," सर म्हणाले,
"दहा गुण आहेत त्याला."
मी दहा गुणांना अंगठा दाखवला.
आईला अजून सांगितलेलं नाही.

शेवटी इनास.
बावीस वर्षं फेरीचा दोर फेकणारा नि ओढणारा.
त्यानं दाबला, उचलला.
खळगा पडला, रेषा नाही.
पुन्हा दाबला. गुळगुळीत.
हसला. "रेशनच्या यंत्रालाही मी दिसत नाही.
तांदूळ बायकोच्या बोटावर आणतो."

बिनरेषांचा अंगठा म्हणजे खोटा,
असं मी वहीत लिहून ठेवलं होतं,
खाली दोनदा रेघ मारून.
पान फाडलं नाही. वाक्य खोडलं,
तर शाई मागच्या पानावर उतरली.

एकसष्टांपैकी चोपन्न भट्टीतून धड निघाले.
फ्लोरिनामायचा मधोमध तडकला.
नेऊन दाखवला, तर बोट फिरवत म्हणाली,
"बांध फुटला म्हण की."
तोही ओवलाच. पंचावन्न.

शनिवारी काथ्यानं बांधले फेरीच्या कठड्याला.
कोणाचा कुठला, चिठ्ठी नाही.
लोक येऊन आपला अंगठा खळग्यांत घालून बघत होते,
हा नाही, हाही नाही,
कारकून तर दोन फेऱ्या करून गेला, उतरलाच नाही.
इनासच्या खळग्यात कुणाचाही बसत होता.

एका पाहुण्यानं फोन वर धरला.
मी अडवणार होते.
तेवढ्यात इनासनं दोर फेकला,
फळी धाडकन धक्क्यावर आदळली
आणि सगळे अंगठे एकमेकांवर आपटून वाजले.
एक नदीत पडला.
कोणाचा, ते अजून मोजलेलं नाही.