कुठलंही घ्या, दहा रुपये

लक्ष्मीपुरीत, धान्याच्या पेढ्यांमागच्या बोळात
दस्तगीर शिकलगारांचं रद्दीचं दुकान.
दारात सफरचंदांचं एक खोकं,
त्यावर खडूनं: कुठलंही घ्या, दहा रुपये.
मी वाकले ती एखादा जुना दिवाळी अंक मिळेल म्हणून
आणि हात गेला थेट एका जबड्यात.

हिरवा जबडा. लाळ पिवळी.
मागं शहर पेटलेलं, पुढं एक बाई किंचाळतेय,
केसाची बटसुद्धा विस्कटलेली नाही तिच्या.
त्याखाली तीन डोळ्यांचा, खवल्यांचा.
त्याखाली नुसताच एक मेंदू, स्वतःच्या पायांनी चाललेला.
अकरा निघाले.
"शंभर द्या," मामू म्हणाले, "पोरासाठी व्हय?"
मी म्हटलं, हो.
मला पोर नाही.

मी कवळ्या बनवते. राजारामपुरी, सातवी गल्ली, सव्वीस वर्षं.
त्यामुळं रात्री जेवण झाल्यावर, गॅलरीतल्या दिव्याखाली
आधी त्यांचे दातच मोजले.
हिरव्याला चौसष्ट, आणि सगळे सुळे!
तोंड मिटलं तर खालचे टाळूतून नाकात निघतील.
चितारणाऱ्यानं कधी आरशापुढं आ केलेला नसावा.
एकटीच इतकी हसले
की समोरच्या खिडकीत दिवा लागला.

अंक इंग्रजी. रंग विटलेले.
पण प्रत्येक फुग्याखाली पेन्सिल.
कुणीतरी बसून सगळं मराठीत आणलेलं.
आतल्या पानावर नाव: धैर्यशील इंगवले, सहावी ब,
आणि दम: हे पुस्तक ढापणाऱ्याला
पान चौदावरचा खाईल.

चौदावर तो आहेच.
चिखलातून वर येतोय, कमरेपर्यंत आलाय.
माणसं पळतायत, त्यांच्या तोंडी धैर्यशील:
आरं पळा लकाहो, आलं ते!
हवालदार: गोळी लागंना की ह्याला.
आणि खुद्द चिखल्याच्या तोंडी
इंग्रजीत नुसती गुरगुर, सात अक्षरांची.
तिच्याखाली पोरानं लिहिलंय, जरा दाबून,
मी कुठं काय केलंय. भूक लागल्या.

इथं मी चष्मा काढून पुसला.

सगळ्या अकरांच्या पायथ्याशी
दोन बोटं उंचीवर एक तपकिरी रेघ आहे.
पुराचं पाणी. रेघेखाली गाळ,
नखानं खरवडला तर निघतो.
म्हणजे चिखल्या कमरेपर्यंत छापील चिखलात
आणि त्याच्याखाली खऱ्या.
हे त्या चिताऱ्याला जन्मात जमलं नसतं.

पुढच्या रविवारी पुन्हा गेले.
माल कुठनं आला, विचारलं.
"इचलकरंजीवरनं. एक घर रिकामं झालं."
नदी तीच, म्हणजे.
घर रिकामं कसं झालं, ते मी विचारलं नाही.
धैर्यशील आता चाळिशी ओलांडलेला असेल,
कुठंतरी पुण्याबिण्यात, पोट सुटलेला,
किंवा मागावर, कानात कापूस घालून.
"का ओ, पोराला न्हाई आवडलं?"
"आवडलं. अजून मागतोय."
मामूंनी खोकं पायानं माझ्याकडं सरकवलं.
तळाशी एक रेल्वेचं जुनं वेळापत्रक होतं
आणि पाककृती.

चिखल्याच्या अंकाचं शेवटचं पान फाटलंय.
लष्कर काठावर आलेलं, तोफा वळवलेल्या,
तो मध्ये उभा, पाण्यात, तोंड उघडं.
पुढं काय ते धैर्यशीलला माहीत. मला नाही,
आणि खरं सांगायचं तर
मला त्याच्या तोंडाचीच काळजी:
पुढं चार सुळे, मागं काहीच नाही.
भूक लागून करणार काय?

काल एका कवळीचं गुलाबी मेण उरलं.
दोन्ही बाजूंना दाढा बसवल्या, जरा मोठ्या मापाच्या,
चाव बघितला, कडा घासल्या.
डॉक्टर म्हणाले, ही कुणाची? नोंद दिसत नाही.
म्हटलं, आहे एक पेशंट, इचलकरंजीकडचा.
भाकरी खाईल एवढं झालं म्हणजे बास.