सात नंबरचे गमबूट

खाटेवरून पाय खाली सोडून
मी थोडा वेळ तशीच बसते.
पोरगी विचारते, काय बघतेस?
बघत नाही गो.
लादीशी बोलणी चालली आहेत.

लहानपणी ओहोटीला
कालवांच्या खडकांवरून अनवाणी धावायचे मी,
हातात टोचा, कमरेला डबा,
एकदाही कापलं नाही.
आता या गुळगुळीत लादीलाच
कालवाची कड फुटते
नेमकी डाव्या टाचेखाली.

पहिलं पाऊल सगळ्यात वाईट.
दुसरं त्याच्या धाकात पडतं.
दारापर्यंत चौदा पावलं,
नवव्याला टाच जरा सैल होते,
तिथे मी श्वास सोडते.

मग पाखाडी.
जांभ्याच्या बेचाळीस पायऱ्या
मी आडवी उतरते, कुर्लीसारखी.
वरून जोईलांची म्हातारी ओरडते,
"सांभाळ गो, पाखाडी मोडशीत!"
मी हसते.
हसायला पाय लागत नाहीत.

देवगडच्या दवाखान्यात डॉक्टरने
आधी काट्यावर उभं केलं,
मग नाव विचारलं.
एक्याण्णव.
टाच त्याने पाहिली नाही, आकडा पाहिला.
"वजन उतरवा. रोज चाला.
आणि जास्त वेळ उभं राहू नका."
बरं, म्हटलं,
आणि गोळ्यांच्या रांगेत
पाऊण तास उभी राहिले.

सीझनला कॅनिंगमध्ये नऊ तास उभं.
पायाखाली पाणी, साली, गळलेला रस.
कंपनीचे गमबूट सात नंबरचे,
त्यात पाऊल मावतं, पोटरी मावत नाही.
मी ते ब्लेडने मागून वीतभर चिरले.
आता चिरेतून रस आत येतो
आणि संध्याकाळी उंबऱ्यापासून खाटेपर्यंत
माझ्या मागे मुंग्यांची रांग.
गर सगळ्यांना दिसतो.
कोय कुठे टोचते ते मला माहीत.

एक दिवस नसीमाने
मासळीचा रिकामा क्रेट आणला,
टेबलाखाली उपडा घातला.
"एक पाय वर ठेव, मग दुसरा.
बगळा कसा उभा असतो?"
बगळा! मी!
दोघी इतक्या हसलो
की एक अख्खा हापूस सालीच्या पिंपात गेला.

सुपरवायझर वाकून म्हणाला, "हे काय?"
"क्रेट."
"कशाला?"
"उपडा आहे," नसीमा म्हणाली.
तो या उत्तराकडे थोडा वेळ बघत राहिला.
दुसऱ्या दिवशी क्रेट नव्हता.
तिसऱ्या दिवशी होता.
मग परत नव्हता.
खाडीच्या पाण्यासारखं चाललंय,
असेल तेव्हा पाय ठेवते.

रात्री पोरगी शेजारच्या फ्रीजरमधून
बाटली आणते, आत पाण्याचा दगड झालेला,
बाहेर बांगड्यांचा वास.
खाटेवर बसून मी ती टाचेखाली घोळवते,
पुढे, मागे, पुढे.
आधी झोंबतं,
मग टाच माझी नसल्यासारखी होते,
आणि तेवढ्यात काहीबाही आठवतं:
उद्या नारळ सोलायचेत,
वीजबिल भरायचं राहिलंय,
त्या डॉक्टरच्या खुर्चीला चाकं होती.

पायांना मी काही बोलत नाही.
आकडा त्याने लिहिला,
उचलतात हे दोघे.
पेज कमी केली आहे मी, भातही,
ते काट्याला कळेल तेव्हा कळेल.

आज सकाळी
सात मोजले, आठवं टाकलं
आणि टाच सैल झाली.
आठव्यालाच.
चुकलं असेल मोजायला,
म्हणून परत खाटेकडे गेले नाही.