डावा परत

कोपरखैरणे, सेक्टर सहा. खाली पिठाची गिरणी,
वर जायला अरुंद जिना, जिन्यावर चपला,
बहुतेक लहान, गुलाबी, चिकटपट्टीच्या.
मी माझ्या जरा बाजूला काढल्या,
कुणाची तरी आई आली असेल
असं वाटावं म्हणून.

फॉर्मवर तीन चौकोन होते.
प्राथमिक, मध्यम, प्रगत.
फी तिन्हींची सारखीच.
पेन दोरीनं बांधलेलं, दोरी तोकडी,
लिहायला वाकावं लागलं,
आणि मी 'प्रगत'वर खूण केली नाही
एवढं माझ्या बाजूनं नोंदवून ठेवते.
'मध्यम'वर केली.
वर तोंडी पुरावा दिला: तीन परीक्षा,
शेवटची एकोणनव्वद साली, मिरजेला, पहिल्या श्रेणीत.
प्रमाणपत्र आहे. माळ्यावर. बहुधा.

कस्तुरी गावंड, माझ्या भाचीच्या वयाची,
पण तिथे ताई.
म्हणाली, बघू या. मंगळवारी उभ्या राहा त्यांच्यात.

मंगळवारच्या बायका ऑफिसातून थेट यायच्या,
गळ्यातली ओळखपत्रं खिडकीच्या गजाला अडकवायच्या,
ओढणी कमरेला गच्च बांधली
की वेगळ्याच कुणी व्हायच्या.
त्यांनी तोडा धरला. मीही धरला.
हात बरोबर गेले. हातांना आठवत होतं,
मनगटानं तर अगदी माहेरासारखं वळण घेतलं,
आणि मला वाटलं, बघ, आहे की सगळं.
मग लय दुप्पट झाली.
सम माझ्याशिवाय आली आणि गेली.
सगळ्याजणी थांबल्या होत्या चित्रासारख्या,
मी एकटी अजून फिरत होते,
दळण संपल्यावर पट्टा फिरत राहतो तशी.

कुणी हसलं नाही.
तेच जास्त लागलं.

निघताना पिशवीतले घुंगरू दाखवले,
एकेका पायाला शंभर, दोरी पिवळी पडलेली.
कस्तुरीनं पिशवी हातात तोलली.
घुंगरू फार समजूतदार असतात, म्हणाली,
चुकल्या पायालाही सांभाळून घेतात.
सध्या नुसता तळवा ऐकू दे मला.
शनिवारी या. चार वाजता.

शनिवारी, चार वाजता, अकरा मुली,
थोरली नऊ वर्षांची.
उंचीप्रमाणे उभ्या राहा, म्हटल्यावर
माझ्या जागेवरून वाद झाला नाही.

ता थेई थेई तत्
आ थेई थेई तत्

शेजारची शर्वाणी, पुढचे दोन दात पडलेली,
माझ्या पायांकडे बघत राहिली दोन आवर्तनं.
काकू, तुमचा आ चुकतोय.
डावा परत.
अगं, डावा आत्ताच तर झाला ना, तत् वर?
हो. पण परत.

परत.
मी उभी राहून हिशेब केला.
उजवा, डावा, उजवा, डावा.
छत्तीस वर्षं अशीच आले मी,
बँकेत, शाळेच्या फाटकाशी, सासूबाईंच्या डायलिसिसला,
एका पायानंतर दुसरा, दुसऱ्यानंतर पहिला,
थांबायला वेळ नव्हता, चालणं बरोबरच होतं.
पण आ वर डावाच लागतो,
आत्ताच टेकलेला, अजून गरम असलेला,
तो उचलायचा
आणि तिथेच, त्याच फरशीवर, पुन्हा ठेवायचा,
पहिल्यांदाच ठेवतोय असा.

गिरणी चालू होती. फरशी तळव्याखाली बारीक थरथरत होती.
सहाव्या की सातव्या खेपेला
तो गेला. आपला आपण.
शर्वाणीनं मान डोलावली, गुरूसारखी,
आणि लगेच नाक खाजवलं.

खाली उतरले तर गिरणीवाला दारात,
भुवयांवर पीठ, हातात कुणाचा तरी डबा.
तुमची मुलगी कुठल्या बॅचला, ताई?
पहिल्याच, म्हटलं.
आजच आ जमला.