झाला की केला

साखर पेठेत जेकॉर्डचे पुठ्ठे मारतो मी.
भोक पडलं की धागा वर येतो,
नसेल तिथं दबून राहतो.
मोर, कमळ, देवळाचं शिखर,
कुणाच्या निवृत्तीला 'सस्नेह भेट',
एकतीस वर्षं भोकांनीच लिहीत आलोय.

परवा समितीचे चौघे आले.
त्या गुरुवारला या माघात एकोणीस वर्षं होतात.
चादर पाहिजे, पाहुण्यांच्या हातात द्यायला,
मधोमध ओळ:
'स्टँडवर झालेल्या बॉम्बस्फोटातील सात शहिदांना'.
सचिव वडनाल म्हणाले,
बसत नसेल तर 'बॉम्ब' काढा, स्फोट पुरे.

रात्री आलेखाच्या कागदावर चौकोन भरताना
'झालेल्या'पाशी पेन्सिल थांबली.
उशीर झाला. दिवाळी झाली.
दुधाचं दही झालं.
तसाच स्फोट झाला.
कुणी केला, हे त्या क्रियापदानं
एकोणीस वर्षांत विचारलं नाही.

पहिल्या दिवशीचा पेपर पेटीत आहे अजून:
'सात जण मृत्युमुखी पडले'.
नरसव्वाची लावण्या तेव्हा अकरा वर्षांची,
तिनं मोठ्यानं वाचून विचारलं होतं,
पडले म्हणजे? घसरून?
दुसऱ्या दिवशी 'बळी गेले'.
कुठल्या देवाला, ते छापलं नव्हतं.
पोलिसांकडं 'सदर घटना',
भरपाईच्या अर्जात 'मयत इसम',
नरसव्वासुद्धा इसमच.
आणि 'भ्याड हल्ला' तर इतक्यांदा,
की गल्लीत कुणी पहिल्या चेंडूवर आउट झालं
तरी पोरं ओरडायची, भ्याड हल्ला!

युनूस नदाफ टेम्पोतून टॉवेलच्या गाठी न्यायचा.
चाळीस दिवस आत होता.
आधी त्याच्या नावामागं 'संशयित' लागायचं,
मग मथळ्यात जागा कमी पडली.
सुटल्याची बातमी आठव्या पानावर,
सोन्याच्या भावाखाली.
गेल्या महिन्यात त्याच्या लेकीचं स्थळ मोडलं.
कारण विचारलं तर म्हणाले, तसं काही नाही.

हे शहर शब्द बदलू शकतं, ठाऊक आहे मला.
चार पुतळ्यांचा चौक रोज सायकलवरून ओलांडतो;
साहेबाच्या कागदात ते चौघं खुनी होते.
म्हणून तर हात कापतो पुठ्ठ्यावर.
जो शब्द बसेल,
त्याच्याच पायाशी पुढची पोरं फुलं ठेवतील.

नमुना बघायला लावण्या आली,
शिफ्ट संपवून, डोक्याला कापसाची पूड.
'शहिदांना'वर बोट ठेवलं.
"मामा, आई शहीद नव्हती ओ.
हजार विड्या द्यायला चाललीती कारखान्यात.
शहीद आपला जीव देतो.
तिचा घेतला की."
मग कागद सरळ करत,
"मारलं, असं लिहा."

समितीला विचारतो, म्हणालो मी.
किती सहज आलं हे वाक्य तोंडात,
जणू कधीचं पुठ्ठ्यावर मारून ठेवलेलं.

समिती म्हणाली,
चादरीवर 'मारलं' बरं दिसत नाही.
उबेची वस्तू आहे.

काल मोजली भोकं.
'झालेल्या'पेक्षा 'केलेल्या'ला
थोडी कमीच लागतात.
स्वस्तात पडला असता.

आज चादर मागावर चढली.
सुलट बाजूला शहीद, लाल अक्षरांत,
उलट बाजूला तीच अक्षरं पाठमोरी,
पांढरी, लाल रानात.
लावण्या कडेला उभी राहून बघत होती.
तिनं कापडाच्या खालून हात फिरवला,
आणि काहीतरी म्हणाली.

माग चालू होता,
ऐकू आलं नाही.
मी मान हलवली.