डावी ट्यूब, उजवी ट्यूब

डंडीच्या रुग्णालयात, चौथ्या मजल्यावर
माझं नाव शून्य-चार-सात.
इशबेल नर्स तेवढी अजून मिसेस ढवळे म्हणते.
अंगावर कोड आणि आडनाव ढवळे,
हा विनोद इथे समजावून सांगण्यात अर्थ नाही.
मी एकटीच हसते, ती रक्तदाब लिहिते.

पारदर्शक कागद हातावर ठेवून
ती काळ्या पेनने डागांच्या कडा गिरवते.
दर सहा आठवड्यांनी नवा कागद.
मनगटावरचा डाग तिच्या आजीच्या बेटासारखा आहे म्हणे,
बोटीचा धक्का तेवढा नाही.
मग खोलीतले दिवे बंद, तपासणीचा जांभळा दिवा चालू,
आणि चारचौघांत जे नुसतं फिकट दिसतं
ते पेटून उठतं,
अंधारात घड्याळाचे काटे दिसावेत तसं.

ट्यूबा दोन.
एकीत औषध, दुसरीत नुसतंच मलम.
कुठल्या हाताला काय, मला माहीत नाही,
इशबेलला नाही, डॉक्टर अब्बासींनाही नाही.
ग्लासगोतल्या एका कॉम्प्युटरला माहीत आहे,
तो बोलत नाही.

रोज रात्री डावा, मग बोटं धुवा, पुसा, मग उजवा.
माझ्या हातांची अशी ताटातूट
आजवर कुणी केली नव्हती.
कणीक मळताना काय करू, विचारलं,
तर अब्बासींनी गंभीरपणे सगळी पानं उलटली.
कणकेबद्दल नियम नव्हता.

आई बावचीचं तेल लावायची.
साताऱ्यात, गच्चीवर, अकराच्या उन्हात,
शेजारच्या माडीवरून दिसू नये म्हणून
दोरीवर मांजरपाटाचा पडदा.
फोड यायचे. फोडांवर लोणी.
किती थेंब, किती मिनिटं, कुणी लिहून ठेवलं नाही.
माझ्या कोडाचे तिने केवढे लाडकोड पुरवले!
इथे उन्हाचा एक तुकडा कपाटात उभा केलाय,
नळ्यानळ्यांचा, बटणावर चालणारा.
गॉगल लावून मी आत शिरते, दोन्ही हात पुढे.
चाळीस सेकंद.
बाहेर टे नदीवर आठवडाभर सूर्य नाही.

मार्चमध्ये पाच दिवस दोन्ही ट्यूबा विसरले.
श्रीनिवासची अँजिओप्लास्टी होती.
वहीत खरं लिहिलं.
इशबेलने तारखांभोवती गोल केला, रागावली नाही.

एकोणतिसाव्या आठवड्यात डाव्या हातावर
केसांच्या मुळाशी तपकिरी ठिपके.
तीन, मग सात, तीळ सांडावेत तसे.
बसमध्ये हातमोजा काढून पाहिला,
घातला, परत काढला.
खात्रीच झाली, डावीकडेच औषध.
उजव्याची कीव आली.
एका रात्री डावी ट्यूब
उजव्या हातावर धरली, झाकण उघडलं,
आणि बंद केलं.
हे वहीत लिहिलं नाही.

जानेवारीत कोड फोडला. इंग्रजी कोड, आपलं नव्हे.
डावीकडे नुसतंच मलम होतं.
एकशे त्रेसष्ट माणसं, अब्बासी म्हणाले,
आणि दोन हातांतला फरक योगायोगाएवढाच.
मग ठिपके?
प्रकाशामुळे असतील. किंवा तुमचेच.
'तुमचेच' हे त्यांनी जरा हळू म्हटलं,
जसं काही त्यात त्यांची चूक होती.

'नाही' हेही उत्तर असतं, इशबेल म्हणाली,
पुढच्या कुणाच्या रात्री तरी वाचतील.

मी ते कागद मागितले. देता येत नाहीत.
पंधरा वर्षं तळघरात राहतील,
खोक्यात, तारीखवार,
माझे डाग, तिने गिरवलेले,
तिच्या आजीच्या बेटासकट.
आईला हे कसं सांगितलं असतं,
की तू पडदा लावलास
आणि इथे जपून ठेवायला कपाटं आहेत.

खाली कँटीनमध्ये चहा घेतला.
गल्ल्यावरच्या बाईने सुटे पैसे पुढे केले.
मी हात पुढे केला.
कुठला, ते आता आठवत नाही.