थर्स्बी कुटुंब

ग्रिम्सबीच्या साप्ताहिकात निधनाचं पान
एकोणीस वर्षं मर्टल ओल्डरॉइड लावते आहे.
आज चिठ्ठी आली:
थर्स्बी कुटुंब, मग खाडाखोड, मग ऋणी.
इंग्रजीत क्रियापद मध्येच येतं,
लपवायला जागा नसते.

इज लिहावं की आर?
घर एक, म्हणून आहे.
घरात माणसं, म्हणून आहेत.
इथल्या इंग्रजीला दोन्ही पचतं,
ओहायोहून आलेल्या नव्या संपादकाला एकच.
"समूह म्हणजे एकवचन, मर्टल,"
आणि कॉफीचा मग तिच्या प्रुफावर.

पण तिला थर्स्बी माहीत आहेत.
म्हाताऱ्याची बोट विकली तेव्हापासून
थोरला धाकट्याशी बोलत नाही,
आयव्ही दोघांशीही.
एका नाताळाला तीन टर्की, तीन चुली.
तिने लिहिलं आर.
त्याने खोडून इज.
तिने पुन्हा आर, दाबून,
पेन्सिलीचं टोक मोडेस्तोवर.

चारला आयव्हीचा फोन, नोटिशीचे पैसे किती ते विचारायला.
तिच्या मागे कोणी खोकत होतं, कोणी किटली ठेवत होतं.
"शेवटी वी वॉज ऑल देअर," ती म्हणाली,
"तिघंही. पाय गार पडलेले त्याचे,
आळीपाळीनं चोळले."

वी वॉज.
गोदीवरची बोली,
माणसं अनेक, क्रियापद एकाचं.
याच वाक्यापायी मर्टलने शाळेत छडी खाल्ली होती.

तिने खोडरबर शोधलं.
इज.

संपादकाला वाटलं,
अखेर हिला व्याकरण कळलं.