बर्फावरचा जोड

रुकय्या शिकलगारनं पिशवीतून काढून
माझ्या रापीशेजारी ठेवले
दोन पांढरे बूट, घोट्याच्या वर चढलेले,
खाली पोलादी पाती.
"धारेचं आजोबा बघतात, मामा.
चामड्याचं तुम्ही बघा."

मी आधी वास घेतला.
कोंदट. पुराच्या सालचा.
त्या साली दुकानात कमरेइतकं पाणी,
एकशे साठ जोड गच्चीवर पसरले आम्ही,
कापशी वाकडी झालेली, कुरुंदवाडी हिरवी,
वेण्या सुटून लोंबत होत्या.

टाच दाबून बघितली.
थरावर थर, आपल्यासारखेच,
पण नख रुतत होतं.
"पात्याखाली बर्फ वितळतो ना,
पाणी स्क्रूच्या भोकातनं वर चढतं."

बर्फ मी पाहिलाय तो मासळीबाजारातला,
भुश्यात गुंडाळलेली लादी,
हातगाडीवरून ठिबकत जाणारी.
तिच्यावर माणसं गिरक्या घेतात
हे तिनं मोबाईलवर दाखवलं.

चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला एकच सांगत आलो:
पायताण पाण्यात घालू नका,
जूनला करंजेल लावून माळ्यावर टाका, दसऱ्याला काढा.
आणि ही पोरगी चामडं घालून
पाण्यावरच उभी राहते.

"शनिवारी निघतो मी," म्हणाली. "डेहराडूनला."
निघ की. आज मंगळवार.

पाती सोडवून धारेला पाठवली.
डाव्याचे स्क्रू डाव्या वाटीत, उजव्याचे उजव्या.
तीन तांबारलेले. ते फेकून
न गंजणारे आणवले.
आत कागदाचे बोळे, रात्रीतून दोनदा बदलले.
बायको म्हणाली, चुलीपाशी ठेवा.
म्हटलं, भाकरी नाही ती.

तसं चामडं पाण्याला नवं नाही.
चुन्याचं पाणी, हिरड्याचं, बाभळीच्या सालीचं,
कितीक दिवस हौदात पडल्यावर
कातड्याचं चामडं होतं.
मग आपणच जन्मभर सांगत बसतो,
पाण्यापासून जपा.

गुरुवारी जुनं रोगण काचेनं खरवडलं.
पाण्याच्या पातेल्यात लहान पातेलं,
त्यात मधमाशीचं मेण, वर जवसाचं तेल चमचाभर.
बोटानंच चोळलं, फडक्याला कळत नाही.
पहिला हात चामडं पिऊन टाकतं.
दुसराही.
तिसऱ्याला जरा विचार करतं.
चौथा वरच राहिला की थांबायचं.
भोकाभोकात मेण, स्क्रूही मेणात बुडवून.
घोट्याकडं मात्र हात आखडता.
तिथं चामडं ताठ हवं,
फार तेल पाजलं की लाडावतं.

शुक्रवारी शिकलगार आले,
पाती फडक्यात गुंडाळून, तलवार आणावी तशी.
दोघांनी मिळून बसवली.
"जरा आत घ्या."
"अहो, भोकं जुनीच हायत, आत कुठं घेऊ?"
एक डोळा मिटून ते टाचेपासून चवड्यापर्यंत बघत राहिले.
मी विचारलं, तुम्ही बघितलाय का हो बर्फ?
म्हणाले, मासळीबाजारात.

पोरीला बजावलं:
उतरलीस की आधी पाती पूस,
मग तळ पूस, मग स्वतःचा घाम.
पिशवीत कोंडू नको. नाड्या सैल कर,
जीभ बाहेर ओढून ठेव, वारा लागू दे.
हसायला काय झालं? बुटाची जीभ म्हणतोय मी.

दीड महिन्यानं आली.
बूट माझ्यापुढं ठेवले.
मी उलटे केले, टाचेत नख रोवलं.
रुतलं नाही.
दुसऱ्या टाचेत. नाही.
स्क्रूंची डोकी लखलखीत,
वास मेणाचा, आणि थोडा तिच्या पायाचा.
तेव्हा कुठं वर पाहिलं.
डावा हात गळ्यातल्या झोळीत, प्लास्टरात.

"हे काय गं?"
"पडलो."
"कधी?"
"पहिल्याच दिवशी."

काय बोलावं सुचेना.
"टाच कोरडी हाय," मी म्हटलं.
"व्हय," ती म्हणाली,
"तेच दाखवायला आलो."